बायपास ठरली, शुगरही आहे: कोणत्या टप्प्यावर घरच्यांनी काय पाहायचं

अँजिओग्राफीचा रिपोर्ट येतो, डॉक्टर बायपास सांगतात आणि घरातलं सगळं बोलणं ब्लॉकेजवर येऊन थांबतं. किती नसा बंद आहेत, सर्जन कोण, खर्च किती, सुट्टी कोण काढणार. पेशंटला पंधरा वर्षांची शुगर आहे ही गोष्ट त्या गडबडीत "गोळ्या चालू आहेत ना" एवढ्यावर निघून जाते. मी डायबेटिस एज्युकेटर म्हणून ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या हृदयरुग्णांच्या घरच्यांशी बोलते. त्यांना मला पहिल्याच भेटीत हे सांगायचं असतं, की छातीची जखम भरणं, इन्फेक्शन टळणं, आयसीयूतून वेळेवर बाहेर येणं, या सगळ्यात साखरेचा मोठा वाटा असतो.

आणि ही साखर सर्वांत जास्त बिघडते ती पेशंट एका हातातून दुसऱ्या हातात जातो तेव्हा. घरातून वॉर्डात, वॉर्डातून थिएटरमध्ये, आयसीयूतून परत वॉर्डात आणि शेवटी वॉर्डातून घरी. प्रत्येक वेळी माणसं बदलतात, औषधं बदलतात, जेवणाच्या वेळा बदलतात. पेशंटसोबत सगळीकडे जाणारं माणूस म्हणजे तुम्ही. त्यामुळे या लेखात मी हे हातबदल एकेक करून घेतले आहेत. कोणती गोळी, किती युनिट, हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांना काय विचारायचं आणि न विचारता काय सांगायचं, ते इथे वाचा.

सुरुवात एका वहीपासून

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाइलवर लिहिलेलं सिस्टरना दाखवता येत नाही, चार्जिंग संपतं, आणि रात्रपाळीला भाऊ बसला की फोन तुमच्याबरोबर घरी जातो. वही पलंगाजवळच राहते.

पहिल्या पानावर पेशंटची सध्याची सगळी औषधं लिहा. नाव, ताकद, दिवसातून कधी. गोळ्यांच्या पट्ट्यांचे फोटोही काढून ठेवा, कारण आपल्याकडे एकाच पट्टीत दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र असतात आणि ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही. कारल्याचा रस, मेथीचं पाणी, जांभळाच्या बियांची पावडर, कुणी दिलेला काढा, हेसुद्धा लिहा. डॉक्टर रागावतील म्हणून लोक हे लपवतात. भूलतज्ज्ञांना ते माहीत असणं डॉक्टरांच्या रागापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे.

दुसऱ्या पानापासून साखरेचे आकडे. तारीख, वेळ, आकडा, त्याआधी काय खाल्लं, इन्सुलिन किती. बस्स.

पहिली पायरी: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

सर्जन सगळ्यात आधी एचबीए१सी पाहतात. लोक त्याला "तीन महिन्यांची शुगर" म्हणतात आणि ते बरोबरच आहे. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. ठरवून करायच्या ऑपरेशनआधी हा आकडा शक्य तिथे ८च्या खाली असावा असं मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो ९-१० असेल आणि हृदयाची स्थिती थांबू देत असेल, तर डॉक्टर काही आठवडे मागून घेतील. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असेल, छातीत दुखणं थांबत नसेल, तर ते थांबणार नाहीत, थांबूही नये. "शुगर इतकी जास्त असताना ऑपरेशन कसं करता?" असं विचारून सर्जनला अडवू नका. अशा वेळी साखर इन्सुलिनने काही तासांतही ताब्यात आणता येते. बंद होत चाललेली नस तेवढी वाट पाहत नाही.

एचबीए१सी कधीकधी फसवतो. अ‍ॅनिमिया असेल, किडनीचा आजार असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर आकडा खरा नसतो. घरी बोट टोचून साखर २५० येतेय आणि रिपोर्टवर साडेसहा लिहिलंय असं दिसलं तर वही उघडून डॉक्टरांना दाखवा. अशा वेळी फ्रुक्टोसामाइन नावाची चाचणी गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देऊ शकते.

आता औषधांकडे या. इथे मी थोडं थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२०मध्ये संपलं आणि त्यानंतर कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. आता त्या घराघरात आहेत. औषध चांगलं आहे, हृदयासाठी तर फारच चांगलं. पण मोठ्या ऑपरेशनच्या उपवासात आणि ताणात या गोळीमुळे रक्तात कीटोन नावाची आम्लं साठू शकतात, आणि तेही साखर २००च्या आत दिसत असताना. म्हणजे ग्लुकोमीटर सगळं ठीक सांगतो आणि पेशंट आत बिघडत जातो. म्हणून अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०२०मध्ये सूचना काढली, की या दोन्ही गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान ३ दिवस आधी बंद कराव्यात.

घरच्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायची. हृदय कमजोर असलेल्या पेशंटला हीच गोळी शुगर नसतानाही देतात. त्या पेशंटला "डायबेटिस आहे का?" विचारलं की तो "नाही" म्हणतो, आणि गोळीचा विषयच निघत नाही. तुमच्या पेशंटच्या पट्टीवर "ग्लिफ्लोझिन" असं शेपूट असलेलं नाव असेल, तर ऑपरेशनची तारीख ठरली त्याच दिवशी फोन करून विचारा: ही कधीपासून बंद? आदल्या दिवशी विचारून उपयोग नाही. आणि ती बंद असताना साखर वाढेल, तिच्या जागी काय, हेही त्याच फोनवर विचारा.

मेटफॉर्मिन निदान ऑपरेशनच्या दिवशी बंद असते. किडनी कमजोर असेल किंवा आपल्या हॉस्पिटलची पद्धत तशी असेल, तर आधीपासूनही बंद करतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या की साखर खाली पडते, म्हणून त्या दिवशी सकाळी घ्यायच्या नसतात. आठवड्यातून एकदा घ्यायची वजनाची किंवा शुगरची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड, टिर्झेपेटाइड, यांमुळे पोट हळू रिकामं होतं. उपवास पाळूनही पोटात अन्न राहिलं तर भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. शेवटचं इंजेक्शन कोणत्या तारखेला घेतलं ते भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा.

इन्सुलिन चालू असेल तर "उद्या ऑपरेशन आहे, काही खायचं नाही, मग इन्सुलिनही नको" असं घरच्या घरी ठरवू नका. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन बहुतेकदा थोडं कमी करून, साधारण तीन-चतुर्थांश ते ऐंशी टक्के, चालूच ठेवतात. टाइप १ मधुमेह असेल, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नसेल, तर ते कधीच पूर्ण बंद करत नाहीत. आपल्याकडे पुष्कळ जण ३०/७० मिक्स घेतात. त्यात जेवणाचं इन्सुलिन आधीच मिसळलेलं असल्याने उपवासाच्या दिवशी त्याचा हिशोब वेगळा असतो. तो डोस डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

ऑपरेशनला अजून दोन-तीन आठवडे असतील तर या काळात एकदम उपाशी राहून साखर उतरवायच्या मागे लागू नका. मला हे कळकळीने सांगावंसं वाटतं. भात बंद, भाकरी बंद, नुसतं काकडी-टोमॅटो, असं करून आकडा सुंदर येतो आणि पेशंट अशक्त होऊन टेबलावर जातो. जखम भरायला प्रथिनं लागतात. एक ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ, अंडं, कमी तेलातला मासा, ताक, भरपूर भाजी. बेलापूर-ऐरोलीकडच्या आगरी-कोळी घरांत मासा रोजचा आहे, ते तर भाग्यच. फक्त सुकट-बोंबलाचं मीठ हृदयाला चालणारं नाही, तेवढं बाजूला ठेवा. गळू, पायाच्या बोटांमधली चीर, हिरडीतला पू, असं काही असेल तर "एवढंसं आहे" म्हणून सोडू नका. ते आधी दाखवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन करणार असाल तर साखरेमुळे तारीख पुढे गेली की मंजुरीचं काय, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला लगेच विचारून घ्या.

दुसरी पायरी: ऑपरेशनची सकाळ

शुगरच्या पेशंटचा नंबर यादीत पहिला लागावा अशी विनंती करा. उपवास जितका छोटा तितकी साखर स्थिर. घन आहार साधारण ६ तास आणि साधं पाणी २ तास आधी थांबवतात, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळ तीच खरी. उपवासात पेशंटला घाम फुटला, थरथर झाली, गोंधळल्यासारखं वाटलं, तर तोंडात साखर घालण्याआधी सिस्टरना हाक मारा. त्यांच्याकडे सलाईनमधून ग्लुकोज द्यायची सोय असते, आणि तोंडाने दिलं तर ऑपरेशनच पुढे जाऊ शकतं.

थिएटरकडे नेताना सिस्टरना वहीतलं पहिलं पान दाखवा आणि शेवटचं इन्सुलिन किती वाजता, किती युनिट दिलं ते तोंडाने सांगा. पहिला हातबदल घरातून वॉर्डात झाला, हा दुसरा.

तिसरी पायरी: आयसीयू

पेशंट बाहेर येतो आणि घरच्यांना कळतं की त्याला इन्सुलिनची ड्रिप चालू आहे. लगेच काळजी सुरू होते. "बाबांना तर कधी इन्सुलिन नव्हतं, आता सवय लागली तर?" नाही लागत. इथे काय चाललंय ते समजून घ्या.

छाती उघडणं, हृदय थांबवून रक्त मशीनमधून फिरवणं, शरीर थंड करणं, हा शरीरासाठी प्रचंड ताण आहे. कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनॅलिन, ग्लुकॅगॉन ही हार्मोन्स उसळतात, यकृत साखर सोडत राहतं आणि पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत. वर रक्तदाब टिकवायला दिलेली औषधं साखर आणखी वाढवतात. म्हणून ज्याला आयुष्यात कधी शुगर नव्हती त्याचीही साखर बायपासनंतर २०० पार जाऊ शकते. त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन या अवस्थेत भरवशाने शोषलं जात नाही, त्यामुळे ते थेट शिरेतून देतात. बहुतेक ठिकाणी ५० मिलिलिटर सलाईनमध्ये ५० युनिट साधं इन्सुलिन घालून सिरिंज पंपाला लावतात, म्हणजे एक मिलिलिटरला एक युनिट, आणि साधारण दर तासाला साखर पाहून वेग कमीजास्त करतात.

एवढी धडपड कशासाठी? बायपासमध्ये बऱ्याचदा छातीच्या आतली धमनी ग्राफ्ट म्हणून, म्हणजे अडथळ्याला वळसा घालणारी नवी वाट म्हणून, वापरतात. त्यामुळे छातीच्या मधल्या हाडाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो. त्यात साखर जास्त असली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत आणि हाडापर्यंत इन्फेक्शन पोहोचण्याची भीती वाढते. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हृदयशल्यचिकित्सकांनी १९९९मध्ये दाखवलं की मधुमेहींना त्वचेखालच्या इंजेक्शनांऐवजी सतत ड्रिप दिली तर छातीतलं खोल इन्फेक्शन २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. आज ड्रिप लावतात त्यामागे या कामाचा मोठा वाटा आहे.

मग साखर अगदी नॉर्मल, १०० का ठेवत नाहीत? हा प्रश्न शिकलेल्या घरांतून हमखास येतो. तेही करून पाहिलेलं आहे. २००१मध्ये बेल्जियममधल्या लूव्हेनच्या अभ्यासात साखर ८० ते ११०मध्ये ठेवल्याने सर्जिकल आयसीयूतले मृत्यू कमी झाले आणि जगभर तीच पद्धत सुरू झाली. पुढे २००९मध्ये नाइस-शुगर नावाचा सहा हजारांहून जास्त पेशंटचा मोठा अभ्यास आला. त्यात साखर इतकी खाली ठेवलेल्या गटात मृत्यू उलट जास्त निघाले, २७.५ टक्के विरुद्ध २४.९ टक्के, आणि साखर धोकादायक खाली पडण्याचं प्रमाण तर अनेक पटींनी वाढलं. तेव्हापासून आयसीयूत सर्वसाधारण लक्ष्य १४० ते १८० असतं. तुम्हाला मॉनिटरवर किंवा चार्टवर १६५ दिसलं तर तो निष्काळजीपणा समजू नका, तोच हवा असलेला आकडा आहे.

इन्सुलिनबरोबर रक्तातलं पोटॅशियमही खाली येतं आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून तेही वारंवार तपासतात. घरचा ग्लुकोमीटर आत नेऊन बोट टोचायचा आग्रह धरू नका. हातपाय थंड, रक्तदाबाची औषधं चालू, हिमोग्लोबिन कमी, अशा वेळी बोटाच्या थेंबाचा आकडा चुकू शकतो; आयसीयूत धमनीतलं रक्त मशीनवर तपासतात ते जास्त विश्वासाचं.

भेटीच्या वेळी तुम्हाला डॉक्टरांशी बोलायला जेमतेम पाच मिनिटं मिळतात. तेवढ्यात तीनच गोष्टी विचारा: ड्रिप चालू आहे का, कालपासून साखर कुठून कुठे गेली, आणि ती ७०च्या खाली गेली होती का. उत्तर वहीत लिहा.

चौथी पायरी: आयसीयूतून वॉर्डात

सगळ्यात काळजीचा हातबदल हा. आयसीयूत एका सिस्टरकडे एखाद-दोन पेशंट असतात, वॉर्डात पुष्कळ असतात. दर तासाची तपासणी बंद होऊन दिवसातून चार-पाच वेळा होते. आणि ड्रिप काढली जाते.

शिरेतल्या इन्सुलिनचा असर काही मिनिटांत ओसरतो, त्वचेखालच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनला लागू पडायला वेळ लागतो. म्हणून ते इंजेक्शन ड्रिप बंद करण्याच्या साधारण २ तास आधी द्यायचं असतं. ड्रिप आधी काढली आणि इंजेक्शन रात्री दिलं, तर मधल्या काळात साखर ३००वर गेलेली दिसते. पेशंटला हलवण्याची तयारी सुरू झाली की नम्रपणे विचारा, "सिस्टर, ड्रिप बंद करायच्या आधीचं इंजेक्शन झालं का?" कुणी वाईट वाटून घेत नाही. उलट चांगली सिस्टर लगेच चार्ट उघडून दाखवते.

वॉर्डात फक्त "स्लायडिंग स्केल" चालू असेल, म्हणजे साखर वाढली की तेवढ्यापुरतं इन्सुलिन, तर डॉक्टरांना विचारा की रोजचं लांब पल्ल्याचं इन्सुलिनही द्यायचं का. नुसतं स्लायडिंग स्केल म्हणजे साखर आधी वाढू द्यायची आणि मग मागे धावायचं. दिवसभर टिकणारं एक आणि जेवणाबरोबर एक, ही पद्धत मधुमेही पेशंटसाठी जास्त बरी मानली जाते.

आता डबा. घरचा डबा चालेल असं आहारतज्ज्ञ म्हणाल्या असतील तर त्याची वेळ औषधाइतकीच काटेकोर पाळा. घोडबंदर रोडवरून येणारा डबा ट्रॅफिकमध्ये अडकतो, इकडे साडेबाराला इन्सुलिन टोचलेलं असतं आणि दीड वाजता पेशंटला दरदरून घाम येतो. डबा हाताशी पोहोचल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन देऊ नका, असं सिस्टरना सांगून ठेवा, आणि उशीर होणार असं दिसलं तर त्या वेळेला हॉस्पिटलचं जेवण मागवा. तसंच जेवणाआधी पेशंटला इको किंवा एक्स-रेला न्यायला वॉर्डबॉय आला, तर इंजेक्शन दिलंय का ते आधी विचारा. साधं इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी, नवी जलद इन्सुलिनं अगदी ताटावर बसताना. भूक मेलेल्या पेशंटने दोन घास खाऊन ताट सारलं तर ते लगेच सांगा. अशा पेशंटला जलद इन्सुलिन जेवण झाल्यावर, खाल्लं त्या मानाने द्यायचं डॉक्टर ठरवू शकतात.

भेटायला येणारे मोसंबीचा रस, ग्लुकोज बिस्किटं, खजूर, साबुदाण्याची खिचडी आणतात. प्रेमाने आणतात. पण बोट टोचण्याच्या पाच मिनिटं आधी प्यायलेल्या ग्लासभर रसामुळे साखर २८० येते आणि तिच्यावर इन्सुलिन वाढतं, दोन तासांनी ती कोसळते. कुणी काही दिलं तर वहीत लिहा आणि सिस्टरना सांगा. नारळपाणी शुगरला चालतं असं सगळे म्हणतात, पण त्यात पोटॅशियम बरंच असतं. किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका.

पाचवी पायरी: घरी जाताना आणि घरी गेल्यावर

डिस्चार्जच्या दिवशी बिल, इन्शुरन्स, गाडी, सगळं एकदम येतं. तरी बसून घ्या आणि डिस्चार्ज कार्डाशेजारी वहीतलं पहिलं पान ठेवा. जुन्या प्रत्येक औषधापुढे चालू, बंद किंवा "अमुक तारखेपासून" असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेटफॉर्मिन कधी सुरू, ग्लिफ्लोझिन कधी सुरू, हे हमखास सुटतं. दोन-दोन ब्रँडच्या नावाने एकच औषध दोनदा चालू होणं हेही इथेच घडतं.

इन्सुलिन नवीन असेल तर सिरिंजचा प्रश्न समजून घ्या. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेकदा ४० युनिट ताकदीच्या (म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट) असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिट ताकदीच्या सिरिंजला केशरी टोपण. ४०च्या बाटलीतलं इन्सुलिन १००च्या सिरिंजने घेतलं तर डोस अडीच पट कमी जातो, उलटं झालं तर अडीच पट जास्त. मेडिकलवाल्याने "हीच आहे, चालेल" म्हटलं तरी घेऊ नका. पेन वापरत असाल तर ही भानगड नसते. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरमध्ये कधीच नाही. उघडलेलं बाहेर सावलीत साधारण ४ आठवडे चालतं, पण एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कडेला किंवा बंद गाडीत ठेवू नका.

घरी आल्यावरचे पहिले दोन-तीन आठवडे साखर खाली पडण्याचे. ऑपरेशनचा ताण ओसरतो, इन्सुलिनची गरज दिवसेंदिवस कमी होते, पण कागदावरचा डोस हॉस्पिटलातलाच असतो. म्हणून निदान सकाळी उपाशीपोटी, जेवणांच्या आधी आणि झोपताना बोट टोचा. उपाशीपोटीची साखर साधारण ८० ते १३० आणि जेवणानंतर २ तासांनी १८०च्या आत, हे बहुतेकांचं लक्ष्य. वय जास्त असेल, किडनी कमजोर असेल तर डॉक्टर सैल ठेवतील. सलग दोन दिवस उपाशीपोटी १००च्या खाली येऊ लागली तर, आकडा लक्ष्यात बसत असला तरी, ७०ची वाट न पाहता फोन करा.

बायपासनंतर जवळजवळ सगळ्यांना मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी देतात. साखर पडली की होणारी धडधड आणि थरथर ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. त्यामुळे पेशंटला थंड घाम आला, तो चिडचिडा किंवा सुस्त झाला, तर आधी बोट टोचा. ७०च्या खाली असेल तर ३ चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोज नसेल तर साखर, पण पेशंटला व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या शुगरच्या गोळ्या चालू असतील तर साधी साखर हळू शोषली जाते, तिथे ग्लुकोजच हवं. पेढा, चॉकलेट यावेळी उपयोगाचे नाहीत, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा जाते. पेशंट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

जखम रोज उजेडात पाहा. छातीची आणि पायाचीही, कारण ग्राफ्टसाठी पायाची शीर काढलेली असते आणि जुन्या शुगरमुळे तिथली संवेदना कमी झालेली असू शकते, दुखत नाही म्हणजे ठीक असं नाही. लाली पसरणं, पाणी किंवा पू येणं, ताप, खोकताना छातीच्या हाडात कट् असा आवाज किंवा हलल्यासारखं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनकडे. विनाकारण वाढलेली साखरसुद्धा इन्फेक्शनची पहिली खूण असू शकते. काल १४०, आज २६०, खाण्यात फरक नाही, तर आधी पट्टी उघडून जखम पाहा.

चालणं सुरू करा, आधी घरात, मग बिल्डिंगच्या आवारात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर तलावपाळी, उपवन, नेरूळचं ज्वेल, वाशीचं सागर विहार, जे जवळ असेल ते. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन चालायला जाऊ नका, खिशात ग्लुकोज ठेवा आणि पायात बंद, मऊ चप्पल-बूट हवेत; देवळातही अनवाणी नको. पिशव्या उचलणं, दार ढकलणं, हाड जुळेपर्यंत म्हणजे साधारण दोन ते तीन महिने इतरांकडे.

फॉलोअपला जाताना वही दोन्हीकडे न्या, सर्जनकडे आणि मधुमेहाच्या डॉक्टरांकडेही, कारण ते दोघे एकमेकांशी बोलतीलच असं नाही. ऑपरेशनमध्ये रक्त चढवलं असेल तर महिन्याभरात केलेला एचबीए१सी खोटा चांगला दिसू शकतो, तेव्हा डोस वहीतल्या आकड्यांवर ठरवायला सांगा आणि एचबीए१सी तीन महिने झाल्यावर करा. ज्यांना आधी शुगर नव्हती पण आयसीयूत इन्सुलिन लागलं, त्यांनीही त्याच सुमारास उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी करून घ्यावा. काहींची शुगर आधीपासूनच असते आणि ऑपरेशनमुळे पहिल्यांदा सापडते.